मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र

रॉकिंगहॅम, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१० मार्च २०१९

प्रिय इनिड,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर मिळालं. उत्तराला मार्च उजाडला, रागावू नकोस. मला पत्र लिहायचं म्हणजे आधी आठवडाभर त्याची काळजी करावी लागते, हे तुला ठाऊक आहे. तुझी कंबर कशी आहे? कोळशाची बादली स्वतः उचलत नाहीस ना? उचलत असशील. तू कधी कुणाचं ऐकलंस?

इकडे उन्हाळा हटत नाही. टोमॅटो वेलावरच भाजले. कुंपणापलीकडचा ओरेस्ते म्हणतो, "तू त्यांच्याकडे असा काळजीने बघतोस की ते घाबरून लाल होतात, पिकून नाही." माझे गुडघे बरे आहेत. थोडा खोकला आहे, पण तो धुळीचा. इथे सगळ्यांनाच असतो.

आता एक सांगायचं आहे. खुर्चीवर बसून वाच.

तू ऑक्टोबरात बाबांची जुनी डेम्लर गाडी विकलीस. कार्डात लिहिलं होतंस, "शेडचं छप्पर कोसळायला आलं, म्हणून काढली. फ्रीमँटलच्या कुणा स्काफेट्टाने घेतली. तुझ्याच बाजूचा दिसतो. रस्त्यात दिसली तर हात कर." इनिड, स्काफेट्टा म्हणजे हा ओरेस्ते. त्याचं फक्त नाव, आणि पत्ता फ्रीमँटल बंदराचा. गाडी मी घेतली.

तुला सरळ विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. बाबांना खांदा द्यायला आला नाही आणि आता गाडी पाहिजे. बरोबरच आहे. त्या वर्षी मी का आलो नाही याची मी तुला तीन कारणं कळवली होती. तिन्ही खरी होती, आणि तरी मी येऊ शकलो असतो. तू उलट टपाली एकच ओळ लिहिलीस, "आता येऊ नकोस." त्या ओळीमागे मी एकतीस वर्षं लपलो.

ओरेस्ते मला रोज छळतो. "साठ वर्षांपूर्वी ज्या गाडीत तुला कुणी बसू दिलं नाही, ती इंग्लंडातून, अर्ध्या जगावरून आणतोस? अरे, मला सांगितलं असतंस, मी माझ्या ट्रकमध्ये फुकट बसवलं असतं." त्याला काय सांगू? पण बसू दिलं होतं. एकदा. आईला पुरून आलो त्या दिवशी. पाऊस होता, ॲक्रॉइड साहेब लंडनला होते, आणि बाबांनी ड्रायव्हरकीच्या आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना न विचारता त्यांची गाडी काढली. ती बाबांकडे आली ती बरीच पुढे. मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे कातड्याला आपल्या ओल्या कपड्यांचा डाग पडून साहेबांना कळू नये. तू बाबांच्या मागे बसलीस, मी डावीकडे. मी नऊ वर्षांचा, तू बारा. घरी उतरलो तर शाई पायांना लागलेली, आणि तुझ्या गुडघ्यामागे मोज्यांची जाहिरात उलटी छापलेली. आपण हसलो. आईला पुरून दोन तासही झाले नव्हते आणि आपण हसलो. बाबांनी वळून पाहिलं, आणि रागावले नाहीत.

तू विसरली असशील. मी नाही विसरलो. ते कातडं, तो वास, मला एकदा पुन्हा पाहिजे. बाकी त्या गाडीचं मी काय करणार? बंदरापर्यंत जाऊन आलो तरी पुरे.

जहाज एप्रिलच्या शेवटी निघेल. कागद सगळे फेब्रुवारीतच भरले. लीॲन नावाची एक बाई इथे बंदरावरून लोकांचा माल सोडवून देण्याची कामं करते. ती म्हणाली, "सिरिल, वाचून खुणा करा हं, हे कस्टमचे लोक फार कडक आहेत." मी वाचूनच केल्या.

तुझा भाऊ,
सिरिल


रॉकिंगहॅम
९ जून

प्रिय इनिड,

तुझं पत्र आलं. चार पानं! तू मला चार पानं शेवटची कधी लिहिली होतीस, आठवत नाही. शिव्यांसकट वाचली, दोनदा. "मूर्खा, मागितली असतीस तर फुकट दिली असती" हे वाचून मला रडू आलं, आणि "जाहिरात मोज्यांची नव्हती, कॉड माशाच्या तेलाची होती, आणि ती माझ्या नाही, तुझ्या पायावर होती" हे वाचून हसू. माझ्या पायावर? इनिड, मी अर्धी चड्डी घातली होती हे खरं, पण जाहिरात तुझ्याच पायावर होती. याच्यावर मी मरेपर्यंत भांडेन.

तू विचारलंस, "गाडी जहाजात घालून आणतोस, मग स्वतः विमानात बसून का येत नाहीस?" त्याचं उत्तर पुढे कधीतरी देतो. पासपोर्ट संपला आहे. गुडघेही आहेत.

गाडी आली. पण मिळाली नाही.

गेल्या सोमवारी लीॲनचा फोन आला.

"सिरिल, बसलात का?"

"मी नेहमीच बसलेला असतो. काय झालं?"

"कस्टमवाल्यांनी मागचं चाक काढून ब्रेकच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला होता. त्यात निघालं."

"काय निघालं?"

"तुम्हाला माहीत आहे काय निघालं. पस्तीस वर्षं तुम्ही गाड्यांचे ब्रेकच दुरुस्त केलेत ना? कागदावर विचारलं होतं, गाडीत आहे का म्हणून. तुम्ही 'नाही'वर खूण केलीत. मी विचारलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की."

मग ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. पण तुम्ही?"

तुला समजावून सांगतो. त्या काळच्या सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, इंजिनाच्या सांध्यांमध्ये तो एक करडा, तंतूंचा जिन्नस असायचा. उष्णता सोसतो म्हणून. त्याचं नाव मी लिहीत नाही. या देशात आता तो रेतीच्या कणाएवढाही आत येऊ देत नाहीत. पाठवण्याआधी तिकडेच सगळं काढून, तपासून घ्यायचं असतं. मला हे माहीत होतं. फ्रीमँटलमध्ये माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार?

गुरुवारी लीॲनने मला गोदामात नेलं. ओरेस्तेही आला, कारण कागदावर नाव त्याचं. तो वाटेत म्हणाला, "मला तुरुंगात टाकलं तर रोज जेवण तू आणायचंस. आणि तुझ्या हातचं नको, विकतचं आण."

गाडी एका कोपऱ्यात, भोवती पिवळी पट्टी. इनिड, ती लहान झाली आहे. की मी तिला मोठी आठवत होतो? बाजूचा काळा आणि मरून रंग अजून तसाच. दोन माणसं पांढरे झगे घालून, तोंडावर मोठाले मुखवटे लावून चाकाजवळ ओलं फडकं फिरवत होती. मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो, आम्ही हे हवेच्या नळीने उडवायचो. पिठासारखं उडायचं. आणि त्याच बाकावर बसून डबा खायचो."

त्यांच्यातला एकजण थांबला. हसला नाही. मुखवट्यातून म्हणाला, "आजोबा, तुम्ही स्वतःला तपासून घेतलंत का?"

मी म्हटलं, "तुम्ही गाडीचं बघा."

ओरेस्ते माझ्याकडे बघत राहिला. परतताना त्याने एकही टोमणा मारला नाही. मला ते टोमण्यांपेक्षा वाईट वाटलं.

मागची काच चार बोटं उघडी होती. मी पट्टीच्या बाहेरूनच वाकलो. लीॲनने दुसरीकडे तोंड फिरवलं, म्हणजे तिला दिसलं नाही असं म्हणता यावं. वास तोच आहे. कातडं, मेण, आणि बाबांच्या कोटाचा तो ओला लोकरीचा. बाबांचा असेलच कसा, तू म्हणशील. पण होता.

आता कस्टम खातं काय ठरवतं ते बघायचं. लीॲन म्हणते, दोनच वाटा आहेत. मला दोन्ही नको आहेत.

सिरिल


रॉकिंगहॅम
२१ जुलै

प्रिय इनिड,

इकडे थंडी आहे. तुझ्या थंडीपुढे ही काहीच नाही, पण मी दोन स्वेटर घालून बसलो आहे. टोमॅटो संपले. ओरेस्ते रोज सकाळी सूप आणून देतो आणि म्हणतो, "उरलं होतं." रोज कसं उरतं?

पहिली वाट अशी. परवाना असलेली माणसं इथेच गाडी पूर्ण खोलतील. ब्रेक, इंजिन, हीटर, दाराच्या आतलं अस्तर, सगळं काढून तपासायचं, बदलायचं, पुन्हा तपासायचं. लीॲन म्हणाली, "वर्ष धरा. वर्षाहून जास्तच. पण हल्ली लोक करतात हो, आणि मग गाडी तुमची."

मी म्हटलं, "वर्ष?"

ती म्हणाली, "मग काय झालं? तुम्ही कुठे जाणार आहात?"

तिला सांगितलं नाही. तुला सांगतो.

जानेवारीत मला इथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. छातीत, फुप्फुसाच्या बाहेरच्या पदरात कॅन्सर आहे, त्या करड्या जिन्नसामुळे. ॲस्बेस्टॉस. लिहिलं बघ. सहा महिने लागले मला हा शब्द लिहायला. येणारा नाताळ दिसेल, त्यापुढचं त्यांनी काही कबूल केलं नाही. विमानात बसायला त्यांची मनाई आहे. तू विचारलं होतंस ना, का येत नाहीस. गुडघे बरे आहेत, इनिड.

फेब्रुवारीत तो कागद समोर आला. पहिल्या पानावर तोच शब्द, आणि पुढे दोन चौकोन. मला गाडीचं काही विचारताहेत असं वाटलंच नाही. मला वाटलं, मलाच विचारताहेत. आहे का? मी 'नाही'वर खूण केली. एवढंच झालं. पस्तीस वर्षं ब्रेक करणारा माणूस, आणि मी खूण केली ती अशी.

पण हे सगळं खरं असलं तरी पुरतं खरं नाही. राहिलेलं लिहितो. मग थांबतो.

डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी कामाबद्दल बरंच विचारलं. कुठे, किती वर्षं, मुखवटा होता का. मी सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, "तुमचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

मी म्हटलं, "डोरीन. माझी बायको. आधी मागच्या दारात झटकायची, मग धुवायची. फार नीटनेटकी होती."

"त्या कुठे असतात?"

"गेली. सहा वर्षं झाली. खोकल्याने. न्यूमोनिया लिहिला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं, इनिड. पेन खाली ठेवलं फक्त.

तुला आठवतं, डोरीन दरवर्षी तुला लिहायची, "सिरिलच्या कपड्यांतून एवढं पीठ निघतं की मी पाव भाजू शकेन." तू तिला परत लिहिलं होतंस, "मग एक मला पाठव." ते तुझं पत्र तिने जपून ठेवलं होतं. माझ्या खणात आहे. मला ते उघडवत नाही.

म्हणून मी दुसरी वाट घेतली आहे. वर्ष माझ्याकडे नाही, आणि माझ्यासाठी ती धूळ आता कुणी उघडायला नको. गाडी परत पाठवतो.

लीॲनला मी सांगितलं तेव्हा तिने फोनवर पुन्हा विचारलं, नक्की ना? मग म्हणाली, "ठीक आहे. परत पाठवायचे कागद मी करते. पण यावेळी खुणा मी करीन, तुम्ही फक्त सही करायची." मी म्हटलं, चालेल. फोन ठेवताना ती मला म्हणाली, "आणि सिरिल, मला आधी सांगायला हवं होतंत हो." माझ्या आवाजावरून तिला आजाराचं कळलं असावं. ओरेस्तेला तर गोदामातच कळलं होतं. तो सही करायला आला तेव्हा म्हणाला, "माझं नाव दोनदा लावलंस. आता ती गाडी माझी मावशी झाली." आणि मग तो कुंपणापाशी बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

गाडी ऑक्टोबरात तिकडे इंग्लंडला, हल बंदरात पोचेल. तुझ्या शेडचं छप्पर दुरुस्त करून घे. त्याची व्यवस्था मी केली आहे, भांडू नकोस. आता नीट वाच. ब्रेकला कुणालाही हात लावू देऊ नकोस. कुणी म्हणालं, जरा हवा मारून साफ करतो, तर त्याला बागेबाहेर काढ. गाडी पुसशील तर ओल्या फडक्याने पूस, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक. झटकू नकोस. मागच्या दारात उभी राहून झटकू नकोस, इनिड. एवढं माझं ऐक. बाकी कधी ऐकलं नाहीस तरी चालेल.

आणि ती आली की, एका पावसाच्या दिवशी, चालू न करता नुसती आत बस. मागे, तुझ्या जागी, बाबांच्या मागे. कंबर सांभाळून. काच चार बोटं उघडी ठेव. माझी जागा डावीकडची आहे, तिथे काही ठेवू नकोस, पिशवी नको, छत्री नको.

जाहिरात कुणाच्या पायावर होती, ते तेव्हा बघून घेऊ.

वर्तमानपत्र दोन्हीकडे अंथर.

तुझा,
सिरिल