गाळा गुरूला, पण अटीवर

मी काशीराम धोंडू भाटकर, वय ७४, राहणार मांडवी, रत्नागिरी, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. डोकं जाग्यावर आहे, कोणी हात धरून लिहून घेत नाही. वकिलाचा मसुदा सात पानांचा झाला, तो ठेवला बाजूला. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

१. राहतं घर सून मथुरा हिला. मुलगा वारल्यावर तिनेच मला बघितलं. पुतण्या दारच्या फणसावर हक्क सांगेल. त्याला फणस द्या, झाड नाही.

२. बँकेतली ठेव नात मनस्वीला.

३. सगळी हत्यारं दोस्त वजीर होडेकरला. पुलर एकोणनव्वदपासून त्याच्याकडेच आहे, आता बाकीची पण ने म्हणावं.

४. जेटीजवळचा गाळा. तो नातू गुरुप्रसादला पाहिजे, कंपनीच्या ऑफिसला. इथे जरा जास्त लिहावं लागणार.

गुरूची कंपनी खलाशांच्या मोबाईलवर रोज पहाटे वाऱ्याचा मेसेज पाठवते. आधी कोणी घेत नव्हतं. मी जेटीवर उभा राहून सांगितलं, "माझ्या नातवाचं आहे, घ्या." माझ्या तोंडाकडे बघून साठ जणांनी नंबर दिले. त्यात सदू. गेल्या सप्टेंबरात एक दिवस हवामानाची माहितीच आली नाही. गुरूने आदल्या दिवशीचाच मेसेज परत सोडला, वारा मंद. सदू गेला मासे मारायला. होडी उलटी मिळाली, सदू पाचव्या दिवशी.

"एक दिवस मेसेज चुकला तर गिऱ्हाईक तुटतं, आजोबा."

"हे सदूच्या बायकोला, तुळसाला, जाऊन सांग."

"वकील नको म्हणतो. गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल."

इंजिन दुरुस्त केलं की पहिली फेरी मी त्याच होडीतून मारायचो. बंद पडलं तर मीपण पाण्यात. गुरू मेसेज सोडतो आणि पुण्यात झोपतो.

हे वजीरला ऐकवलं, तर तो म्हणाला, "तू गेलास काय रे तुळसाकडे?"

नव्हतो गेलो. आठ महिने तिची आळी टाळून बाजारात जात होतो. काल गेलो.

तुळसा म्हणाली, "अण्णा, काय द्यायला आला असाल तर तसेच फिरा." मग म्हणाली, "एकच सांगा. मेसेज शिळा आहे हे त्याला माहीत होतं काय?"

"होतं."

"मग हे त्याला येऊन बोलू दे."

म्हणून अट. गुरूने तुळसाच्या घरी ओटीवर बसून, स्वतःच्या तोंडाने, "मला माहीत होतं" असं सांगायचं. वकील नको, फोन नको. आणि माहिती नसेल त्या दिवशी मेसेजमध्ये 'आज माहिती नाही' एवढंच लिहायचं, गिऱ्हाईक तुटलं तरी. अट पाळली की नाही ते तुळसा ठरवील. मी गेल्यावर वर्षात झालं नाही तर गाळा मच्छीमार सोसायटीला, जाळी ठेवायला.

गुरू, माझ्या मरणाची वाट बघत बसू नको. रविवारी ये. मी बरोबर येतो. मेसेज घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, ते मी बोलतो. तुझं तू बोल.

वाचून, समजून, कोणाच्या दडपणाशिवाय सही केली.
काशीराम धोंडू भाटकर

आमच्यासमोर सही झाली:
१. तहा इब्राहीम वस्ता, शेजारी
२. सोनूबाई रामा सुर्वे, शेजारीण
(वजीरला हत्यारं मिळतात म्हणून त्याची साक्ष चालत नाही. तो रागावलाय.)

मांडवी, रत्नागिरी
१४ मे २००६