दूध तोडलं त्याबद्दल

असोदा,
ता. २२ सप्टेंबर १९८८

ती. अभिमनभाऊस,
कुंदाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. केळीची कापणी सुरू आहे, हे सकाळीच मळ्यात जातात. सासूबाईंचा गुडघा तसाच. बाळी बरी आहे.

पोळ्याला तू आलास, तेव्हा ओट्यावर बसून जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. माझं दूध तू धुळ्याच्या तुझ्या शेतकी कॉलेजात तपासायला नेलं होतंस, त्यात बी.एच.सी. निघाली, धान्याला लावतो ती किड्यांची पावडर. म्हणालास, "बाकीचं काही खाल्लं तर शरीर ते मोडतं, बाहेर टाकतं. ही पावडर लवकर मोडत नाही. मातीत वर्षानुवर्षं राहते, अंगात गेली की चरबीत जाऊन बसते."

"मग निघते कुठून?" मी विचारलं.

तू खाली बघत म्हणालास, "दुधातून."

आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलास. पाज म्हणाला नाहीस, तोड म्हणाला नाहीस.

भाऊ, ज्वारीच्या पोत्यांत ती पावडर मी हातानंच कालवत होते. किडे लागू नयेत म्हणून. दिवस गेले होते तेव्हाही.

मी दूध तोडलं. म्हशीचं द्यावं, तर तीही आमच्याच शेतातलं खाते. म्हणून जळगावहून डब्याचं दूध आणवलं. वर बाळी बरी आहे लिहिलं ते खोटं आहे. तिला जुलाब लागले. डोळे आत गेले, रडली तरी आवाज निघेना. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "आईचं दूध का तोडलं?" मी बाळीचं दुपटं सारखं करत राहिले.

इकडे छाती दगडासारखी झाली होती. परसात जाऊन दूध पिळून टाकायची, तर वाटायचं, आता हे मातीतही तसंच राहणार. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "लेकराले उपाशी मारते का व माय?"

काल बाळीला घरी आणलं. डब्याचं दूध तोंडातून बाहेर टाकत होती. आज दुपारी तिनं माझ्या पदराकडे तोंड वळवलं आणि मी तिला घेतलं. किती ओढून प्यायली, भाऊ! मला तिच्याकडे बघवेना. पण बाजूलाही केलं नाही. पिता पिता झोपली.

मी हिला जगवते आहे की काय करते आहे, ते तू ये आणि समोर बसून सांग. या वेळी एस.टी. चुकली तरी चालेल. फक्त तोड म्हणू नकोस. ते आता माझ्याच्यानं होणार नाही.

तुझ्या उत्तरासाठी न थांबलेली,
तुझी बहीण
कुंदा