टाक्याचा सूर

४ मार्च
आले एकदाची! हॉस्पिटलने दिलेली खोली छोटी, पण खिडकीत ऊन आणि नळाला गरम पाणी. आणखी काय हवं माणसाला? दादाला फोन केला, तर म्हणाला, आधी नीट जेव. आई-बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, त्यामुळे माझ्या डॉक्टरकीपेक्षा त्याला माझ्या पोटाची काळजी जास्त. स्वतः मात्र जांघेत हर्निया घेऊन गोदामात खोकी उचलतो.

७ मार्च
आमचा विभाग रोबोने हर्निया शिवायच्या नव्या पद्धती शोधतो. पोटाला बारीक भोकं पाडून रोबोचे हात आत जातात. मी बाजूला पडद्यात डोकं खुपसून बसते आणि माझी बोटं हलतील तसे ते हात हलतात. अडचण एकच, रोबोला स्पर्श कळत नाही. टाका सैल पडला तर हर्निया परत येतो, करकचून बसला तर मांस मरतं. प्रमुखांनी यावर तोड काढली आहे. दोरा ओढला की माझ्या कानात बारीक सूर वाजतो. सूर चढला की थांबायचं. प्रमुखांना सगळे आजोबा म्हणतात, इतका मऊ माणूस. पेशंटच्या कपाळावरून हात फिरवल्याशिवाय कामाला लागत नाहीत.

१९ मार्च
माझ्या हाताला गुण आहे, असं आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले. वरवर लाजले, आतून टम्म फुगले. हल्ली मी पडद्याकडे फारसं बघतही नाही, कानानेच शिवते. पेशंट दुसऱ्या दिवशी हसत घरी जातात, छान झोप लागली म्हणतात. भूल देणाऱ्या बाई तेवढ्या घुम्या. माझं कौतुक सुरू झालं की उठून जातात. जळत असतील बिचाऱ्या! दादाला सांगून टाकलं, ये, मीच शिवते तुला.

२ एप्रिल
रबरी पोटावर सराव करायला बसले, तर सूर येईना. यंत्र बिघडलं म्हणून तंत्रज्ञाला बोलावलं. तो हसून म्हणाला, रबराला कुठे दुखतं. मग चहाचं निमित्त काढून घाईने सटकला.

३ एप्रिल
भूलवाल्या बाईंना गाठलं. शेवटी सगळं ओकल्या. आमच्या पेशंटना भूल नसतेच. अंग, जीभ, पापण्या लुळ्या पाडणारं औषध असतं, म्हणून ते हलत नाहीत. आत टक्क जागे असतात. त्यांची नाडी, घाम, कपाळाच्या नसा, यांतून तो सूर बनतो. शेवटी विसरायचं औषध देतात, म्हणून सकाळी हसतात.
आंघोळ करताना मी तो सूर गुणगुणते.

४ एप्रिल
आजोबांवर ओरडले. मी तक्रार करीन म्हटलं. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि विचारलं, कुणाला आठवतच नाही, ते घडलं असं कसं म्हणायचं? बरे तर सगळेच झालेत.
तक्रार लिहायला बसले, तोच गोदामातून फोन. दादा कोसळला. आतडं अडकलंय. गाडी हट्टाने इकडेच वळवायला लावलीय. म्हणतो, माझी बहीणच शिवेल.

त्याच संध्याकाळी
लिहिते, नाहीतर वेड लागेल.
पूर्ण भूल द्या, बाईंना बजावलं. दिली. दादा खरंच झोपला. मी दोरा ओढला— शांतता. किती ओढू? कळेना. टाक्याने मांस फाटलं. दुसऱ्यानेही. रक्त. शेजारीच आतडं. आजोबांना म्हटलं, माझ्या जागी तुम्ही बसा. ते म्हणाले, सुराशिवाय मलाही येत नाही आता. पोट उघडावं म्हटलं, तर बाईंनी घसरलेली नाडी दाखवली, तेवढा वेळ नव्हता—
मग मीच म्हणाले. आजोबा नाही. मी.
भूल उतरवा.
सूर आला. टाके सुंदर बसले.

६ एप्रिल
दादा हसतोय. छान झोप लागली म्हणतो. नर्सना बोलावून माझे हात दाखवतो.
त्याने विचारलं, जेवलीस का. मी बाहेर पळाले—
तक्रार फाडली. नाव कुणाचं घालू?

९ एप्रिल
दुसऱ्या जांघेतही हर्निया निघालाय. दादा म्हणतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. उद्या.
या वेळी पूर्ण भूल. दादाची शपथ. फक्त पहिला टाका— एकच— हाताला अंदाज येईपर्यंत— तेवढ्यापुरता सूर—