मुका मार

दुम्यात शहर,
९ फेब्रुवारी

मेधत,

सलाम. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण दिवसातून दोनदा जिना उतरून शेजारणींशी वाद घालून येते, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुझी बायको आणि मुली पोर्ट सईदला रुळल्या असतील. तू माणसाबरोबर पाठवलेला खारवलेल्या माशांचा डबा पोचला. मी तो न उघडताच खालच्या रखवालदाराला देऊन टाकला.

फोनवर तू मला दोन वाक्यंही पुरी करू देत नाहीस. "ताई, झालं ते झालं" म्हणतोस आणि ठेवतोस. कागद मध्येच ठेवून देता येत नाही असं नाही, पण निदान मला माझं बोलून संपवता येईल.

मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "त्या पॉलिशवाल्याच्या बायकोला तू कशाला भेटतेस?" त्या पॉलिशवाल्याचं नाव शौकी होतं. नऊ वर्षं तुझ्या कारखान्यात त्याने खुर्च्यांच्या पाठी आरशासारख्या चमकवल्या. त्याची नखं कायमची तपकिरी झाली होती. तू एकदाही त्याचं नाव न घेता निरोप धाडतोस, म्हणून आधी नाव लिहिलं.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी दुपारी त्याने तुला सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून मी समोर त्या गरीब नावाच्या मालकाच्या कारखान्यात जातो. एवढंच. माणूस काम बदलतो, मेधत. तू त्याला दारात पाडलंस आणि डाव्या बरगड्यांखाली लाथा घातल्यास. तू म्हणतोस दोन. गल्ली म्हणते पाच. मी तिथे नव्हते.

तो पोलिसांकडे गेला. त्यांनी जखमेचा दाखला आणायला माझ्या अपघात विभागात पाठवलं. तो बाकावर येऊन बसला आणि पंधरा मिनिटांनी तू मागच्या दाराने आलास, डाव्या हाताला रक्ताळलेला फडका गुंडाळून.

"ताई, बघ काय केलं त्याने! पटाशीने वार केले माझ्यावर."

मी फडका सोडला. मनगटापासून कोपराकडे चार ओरखडे. एकमेकांना समांतर, सगळे सारखेच उथळ, उजवा हात आरामात पोचेल अशा जागी. शर्टाची बाही तीन घड्या घालून वर सरकवलेली, आणि तिला साधी चीरही नाही.

"वार करण्याआधी त्याने तुला बाही वर घ्यायला सांगितली का?" मी विचारलं.

"चेष्टा करू नकोस. तो बाहेर बसलाय. माझ्याकडेही कागद नसला तर मी आत जाईन."

"ह्याला मी फार तर सात दिवस लिहीन."

"सात दिवसांनी काय होतंय? एकवीस हवेत."

"दिवस काय भाजी आहे, वरून मूठभर टाकायला?"

तुला कायदा पाठ होता. वीस दिवसांत बरी होणारी जखम म्हणजे किरकोळ मारामारी, त्याच्यावर गेली की प्रकरण जड. ह्या शहरात निम्मी भांडणं डॉक्टरांच्या ह्याच एका आकड्यावर मिटतात. मग तू तुझं हुकमी पान टाकलंस. "बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तुझं शिक्षण थांबू नये म्हणून मी शाळा सोडून रंधा धरला. आता तूच मला तुरुंगात पाठव."

ते खरं होतं. तू ते आयुष्यात दहा-बारा वेळा तरी वापरलं आहेस, आणि दर वेळी खरंच होतं.

मी तुला एकवीस दिवसांचा दाखला दिला.

इथपर्यंतची गोष्ट मी चार महिने स्वतःला सांगत आले. भावाने गळ घातली, बहीण विरघळली, खोटा कागद लिहिला. ऐकायला बरी वाटते. पण तो कागद खोटा नव्हता, हे तुला माहीत आहे. मी दार लावलं, तुझा हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि तिसऱ्या ओरखड्यावरून पातं स्नायूपर्यंत ओढलं. मग आठ टाके घातले. तू तोंड फिरवून बसला होतास आणि म्हणालास, "वा ताई, तुझा हात बाबांसारखा आहे." मला तेव्हा बरं वाटलं. ते मला सगळ्यात जास्त खातं.

नव्या डॉक्टरांना मी दरवर्षी शिकवते. धारेने कापलेली जखम वेगळी, तिच्या कडा सरळ असतात. बोथट वस्तूने फाटलेली वेगळी, तिच्या कडा खरबरीत. भोसकलेली वेगळी, ती दिसते त्याहून खोल असते. आणि मुका मार सगळ्यांत वेगळा, कारण कातडी शाबूत राहते आणि आत काय फुटलंय ते माणसाला स्वतःलाही कळत नाही. मी त्यांना बजावते, रक्त बघून धावू नका, गप्प बसलेल्याची नाडी आधी बघा.

तुझे टाके संपवून मी शौकीला आत बोलावलं. त्याला मी दोन मिनिटं दिली. पोटावर वळ नव्हता. बरगडीला दाबल्यावर कळवळला. नाडी जरा वेगात होती, मी मनाशी म्हटलं, घाबरला असेल. कागदावर लिहिलं: 'मुका मार. बाह्य जखम नाही. तीन दिवस विश्रांती.' वेदनेच्या गोळ्या दिल्या. तो "अल्लाह तुम्हाला सुखी ठेवो, डॉक्टरीणबाई" म्हणून वाकून निघून गेला.

गुरुवारी तुम्ही कॉफीच्या दुकानात समेट घडवलात. गल्लीतले चार वडीलधारे, मध्ये दोन कागद. हे तूच मला हसत हसत सांगितलंस. "हाजी म्हणाले, शौकी, तुझ्या कागदावर तर जखमच नाही, आणि ह्याचा हात शिवलाय. खटला चालला तर आत कोण जाईल, तूच सांग." शौकीने तक्रार मागे घेतली. शिवाय उठून माफी म्हणून तुझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, सगळ्यांसमोर. तू म्हणालास, "उठताना धडपडला बिचारा, लाजेने."

तो लाजेने धडपडला नव्हता.

शनिवारी, नव्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, तो गरीबच्या कारखान्यात कोसळला. दुसऱ्या रुग्णालयात त्याचं पोट उघडलं तेव्हा डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटलेली होती आणि पोट रक्ताने भरलेलं. तो टेबलावरच गेला. तू जनाज्याला खांदा दिलास आणि पंधरा दिवसांत पोर्ट सईदला दुकान काढलंस. कोणी तुला काही विचारलं नाही. कागदावर जखमच नव्हती ना.

जानेवारीत त्याची बायको रतीबा माझ्या खोलीत आली. माझा दाखला आणि त्या शल्यविशारदाचा अहवाल, दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाली, "मला वाचता येत नाही. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत ना? मग एकात पोट भरून रक्त आणि एकात काहीच नाही, हे कसं?" मी तिला वैद्यकीय भाषेत बरंच काही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मी उद्या पुन्हा येते. उद्या सोपं करून सांगा." ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही. तू ह्याला लुबाडणं म्हणतोस. तिने माझ्याकडून आजवर चहासुद्धा घेतलेला नाही.

काल मी तिला घेऊन सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले आणि जबाब दिला. तुझा हात, माझं पातं, सगळं. तू नाकारशील, म्हणून सांगून ठेवते: त्यांचा तज्ज्ञ तुझा हात तपासेल. चार वणांपैकी तीन भित्र्या हाताचे आहेत आणि एक सरावलेल्या हाताचा. तो फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. बाही कायमची खाली ठेवून चालणार नाही.

आता राहिलेलं एक. ते मी तुलाच काय, कोणालाही सांगितलं नव्हतं.

जबाब लिहून झाला तेव्हा रतीबाने विचारलं, "तुमच्याशी तो शेवटी काय बोलला?" कारकून लेखणी खाली ठेवत होता. मला गप्प राहता आलं असतं.

मी सांगितलं. दारापर्यंत जाऊन तो वळला होता आणि म्हणाला होता, "डॉक्टरीणबाई, एक गंमत बघा. मार खाल्ला बरगडीला आणि दुखतोय डावा खांदा. खांद्याला तर मालकांनी हातही लावला नाही."

मेधत, पोटात रक्त साचलं की डावा खांदा दुखतो. हे आम्हाला पुस्तकात ठळक अक्षरांत शिकवतात. त्याच्या तोंडून ते ऐकलं त्या क्षणी मला कळलं. चाचणी करायची तर त्याला ठेवून घ्यावं लागलं असतं. ठेवून घेतलं तर कागदावर जखम आली असती, आणि शेजारच्या खोलीत तू बाही खाली करत होतास. मी म्हटलं, "स्नायू आखडलाय, शेकून बघ."

रतीबा म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"हो."

मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. तिने मांडीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि कारकुनाला म्हणाली, "लेखणी घ्या परत. बाई, आत्ता मला सांगितलंत तसंच सांगा. सावकाश. त्यांचं लिहून होईपर्यंत मी बसते."

मी सांगितलं. त्याने लिहिलं. मी सही केली.

तुला बोलावणं आठवड्याभरात येईल. माझा परवाना आजच जमा केला आहे. माझ्यासाठी वकील पाहू नकोस, आणि आईला मध्ये घालू नकोस. तिला मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे. तिने कोणाच्या बाजूने रडायचं ते तिचं ती ठरवेल.

तुझ्या हातावर आठ टाके घालणारी,
इब्तिहाल