मिठाच्या पुड्यांवर जुळवलेला काटा

पिंपळवंडी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सोपान,

आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तू मंचरला वेल्डिंगचं वेगळं शेड टाकलंस त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्यात मी एकट्याने काय केलं ते आधी घे. क्रेट वाहायच्या गाड्या चौदा. मळ्यात वाकून काम करणाऱ्या बायांना बिबट्याच्या भीतीने खिळ्यांचे गळपट्टे, तेवीस. ठमाआत्याच्या गोठ्याचं दार. आणि दुखणं मोजायचा एक काटा.

हसू नकोस. डॉक्टर दर वेळी विचारतात, खांदा किती दुखतो? "लई" हे काय माप झालं? म्हणून जुन्या स्कूटरच्या सीटची स्प्रिंग घेतली, खाली मूठ लावली, मिठाचे किलोचे पुडे टांगून पट्टीवर खुणा केल्या. उजव्या हाताने ओढायचं, कळ सोसेना की सोडायचं, आकडा वहीत.

आता अडचण ऐक. एकटा असलो की सहा किलो. सहाच्या वर कधीच नाही. तुझी वहिनी शेजारी मेथी निवडत बसली की साडेनऊ. नवनाथमामा तुझा निरोप घेऊन आले त्या दिवशी साडेतीन. खांदा तोच, गोळी तीच, एमआरआयमधली चीर तेवढीच.

काटा चुकतोय असं धरून मी स्प्रिंग बदलली, पुन्हा सगळे पुडे टांगले. खुणा जागच्या जागी. मग बदलतंय काय?

वहिनी म्हणाली, "त्या लोखंडाला काय इचारता? मला इचारा. एकटं असला की कण्हता, मी बसले की न्हाई."

"म्हंजे मी नाटक करतो?"

"तसं कुटं म्हणले? मेथी संपली, उठू का आता?"

उठू नको म्हणालो. म्हणजे हातानेच खुणावलं.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी सगळी वाचली आणि विचारलं, घरात काही ताण आहे का? मी म्हणालो, तुम्ही खांद्याचं बोला.

खांद्याचंच बोलायचं तर तो दिवस लिहावा लागेल. कांदा निवडायच्या मशीनचा शाफ्ट. आपली पद्धत ठरलेली, मोजायचं तू, आणि 'तीन' पुरतं तोंडातून निघाल्यावरच दोघांनी उचलायचं. शाफ्ट माझ्या बाजूला आला, खांदा गेला. सोपानच्या हातून निसटला, असं मी मामांना सांगितलं, आत्याला सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. तू एकदाच म्हणालास, "दादा, आठवून बघ." मग मंचरला निघून गेलास.

आठवायची गरज नव्हती. तू 'दोन' म्हणालास तेव्हाच मी उचललं होतं.

एवढं लिहून उठलो आणि काटा ओढला. आठ. शेडमध्ये कोणी नव्हतं. दोनदा ओढला, दोन्ही वेळा आठ. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलेलं नाही. तुला कळलं तर सांग. फोनवर नको. इथे ये, शेजारी बस, मी ओढतो, तू आकडा वाच. वाटल्यास मोज. या वेळी थांबतो.

वहिनीला यातलं अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन.

'तीन'ची वाट न बघितलेला तुझा
दादाभाऊ

ता. क. मामा म्हणाले, "घे की राव, भाऊच हाय." निरोपासोबतचं तुझं पाकीट मी न उघडता परत दिलं. मामांनी ते तिथेच फोडून तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचली. काय नाकारलं ते माझ्या अक्षरात असावं म्हणून लिहितो. 'येतो' असं त्यात कुठे नव्हतं. खांद्याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च होता, रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार.