कोरडा पंप

३ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि., आणि यातलं ‘विशेष’ या वेळी खरंच विशेष आहे.

तुमचं पत्र मिळालं. महिनाअखेर वर्कशॉप रिकामं करायचंय. बाबांची गाडी दोरीने ओढत नेली तर समोरचा टायरवाला आयुष्यभर हसेल, म्हणून बावीस तारखेच्या रविवारी चावी फिरवून ती ऐटीत बाहेर काढायची, असा तुमचा बेत आहे. तो मला मान्य नाही.

हे इंजिन बाबांनी सहा वर्षांपूर्वी एकेक भाग जोडून उभं केलं. त्यानंतर त्यांचे हात थरथरू लागले. त्यांच्या हातचं ते शेवटचं इंजिन, आणि ते अजून एकदाही सुरू झालेलं नाही. जोडताना बेअरिंगना लावलेलं तेल केव्हाच खाली ओघळलं असणार. चावी फिरवली की पंपाचं तेल वर पोचेपर्यंत धातूवर धातू घासणार. आमच्या चाचणी विभागात मी असली बेअरिंग रोज उघडून मोजते. काही सेकंद पुरतात.

चावी माझ्याकडे आहे. वायर जोडून गाडी सुरू करण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही, म्हणून मागच्या खेपेला डिस्ट्रिब्यूटरमधला रोटरही काढून आणलाय. त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही.

लोभ आहे, तो बावीस तारखेपर्यंत तरी टिकावा.
तुमची पुतणी

८ मार्च

चि. मास्तरीणबाईंना,
काकाचे अ. आ.

रोटर नाही हे तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं. दुसरा आणून बसवला. चावी गळ्यात घालून मिरव.

चाळीस वर्षं गाड्या चालू करतोय. आधी चमच्याने तेल पाजा, असा हट्ट एकीनेही धरला नाही. तरी तुझ्या समाधानासाठी प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडतो, म्हणजे झालं.

दादाला लेकीचं पत्र वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाला, आणि मग उठून आतल्या खोलीत गेला. उगाच त्याच्या जिवाला घोर लावलास. तुझी काकू म्हणते, पोरगी वाळली असणार, पत्रात जेवणाचं एक अक्षर नाही.

रविवारी दहा वाजता. तुझं ते इंजिनांवरचं जाडजूड पुस्तक आण, चाकाखाली लावायला होईल.

रागावलीस तरी आमचीच, हे ध्यानात असू दे.
काका

१२ मार्च

ती. काकांना, सा. न.

जेवते. काकूला सांगा.

प्लगच्या भोकातलं तेल सिलेंडरच्या भिंतींना मिळतं, खालच्या बेअरिंगना नाही. तुमचा उपाय निम्मा बरोबर आहे, तो मी घेते. उरलेला निम्मा असा: डिस्ट्रिब्यूटर बाहेर काढायचा आणि त्या जागेतून, ड्रिलला लांब दांडा लावून, फक्त तेलाचा पंप फिरवायचा. दाबाचा काटा चढला आणि वरच्या झाकणाखाली तेल दिसलं की मगच चावी.

शनिवारी सकाळी पोचते. माझ्या आधी गाडीला हात लागला तर घराची पायरी चढणार नाही. त्या पांढऱ्या गाडीचं इंजिन सुरू होताच रेस करून तुम्ही कसं घालवलंत आणि दोष तेलाला दिलात, ते मी पाहिलंय. तेव्हा गप्प बसले. बाबांच्या इंजिनाच्या बाबतीत बसणार नाही.

लोभ कमी नाही, विश्वास कमी आहे.
पुतणी

२५ मार्च

चि. हट्टी पोरीस, अ. आ.

रविवारी तू लगेच बस धरलीस, म्हणून कळवतो. गाडी घरी नीट पोचली. टायरवाला रस्ता ओलांडून हात मिळवायला आला.

शनिवारी तू वीस मिनिटं ड्रिल फिरवत होतीस आणि काटा हलत नव्हता, तेव्हा मी सगळ्यांदेखत हसलो, हे खरं. मग दादा खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, की पंप त्याने कोरडाच बसवलाय. बसवताना त्यात ग्रीस ठासायचं असतं, नाहीतर तो तेल ओढत नाही. त्या दिवशी त्याचा हात पहिल्यांदा थरथरला आणि घाबरून त्याने झाकण तसंच आवळलं. सहा वर्षं पोटात ठेवलं बघ.

मी चावी फिरवली असती तर तेल आलंच नसतं. इंजिन जागीच जाम झालं असतं. तू खालचा तेलाचा पॅन खोलून पंपात ग्रीस भरलंस, दुसऱ्या दिवशी काटा अर्ध्या मिनिटात चढला, आणि तरी चावी माझ्या हातात ठेवलीस. एक्सलरेटरवर पाय ठेवायचा नाही ही तुझी अटही मी पाळली, हे विसरू नकोस.

आता एक ऐक. पंप सहा वर्षांत आपोआप सुकला, असं मी सगळ्यांना सांगतोय. तूही तेच सांग. दादाची लाज राहील.

तुझ्यावर माया करणारा आणि तुला भिणारा,
काका

३० मार्च

ती. काकांना, सा. न.

तसं मी सांगणार नाही.

बाबांनी चूक चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती त्यांची आहे. काढून घेऊ नका. सहा वर्षांत आपण त्यांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. आधी पाने-पकडी, मग वर्कशॉपच्या किल्ल्या, मग भरलेला कप. शनिवारी पॅनच्या मागच्या बोल्टपर्यंत माझा हात पोचत नव्हता. त्यांनी न बघता, बोटांनी चाचपत तो बसवला. पाऊण तास लागला. तुम्ही चहाला गेला होतात.

पाचशे किलोमीटरनंतर इंजिनाचं पहिलं तेल बदलायचं. ते बाबा बदलतील. मी त्यांना लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तर आलंय, स्वतःच्या अक्षरात. लावायला वेळ लागला, पण होकार आहे.

तेल सांडेल. सांडू द्या. तुम्ही बॅटरीचा उजेड धरा, आणि पाना मागायला हात पुढे करू नका.

लोभ पूर्वीइतकाच आहे, हट्टही.
तुमची पुतणी