यादीतलं सातवं नाव

बुलडाणा,
१८ ऑगस्ट १९७०

सौ. सोजरावहिनीस,
बेबीचा नमस्कार.

आबांनी शेषराव मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड मिळालं. तुला दिवस गेल्याचं वाचून आनंद झाला. उलट्या थांबल्या का? मी बरी आहे.

हे पत्र मास्तरांना वाचायला देऊ नकोस. तू चौथी शिकलेली आहेस, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. अडलं तर पत्र आणणाऱ्या जनकाबाईंना विचार. त्या आमच्या दवाखान्यातल्या नर्स आहेत, त्यांना सगळं माहीत आहे.

मी कुटुंबनियोजनाच्या कामावर निरोधची पाकिटं वाटते, म्हणून गावातल्या बायका हसतात. हसू देत. जुलैत इथल्या तुरुंगाच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. सात कैद्यांना गरमीचा रोग निघाला होता, आतच एकमेकांपासून लागलेला. बराकीत पुरुष पुरुषांजवळ जातात, वहिनी. कोणी खुशीने, कोणी धाकाने. निरोध तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवा, असा अर्ज मी तिथल्या जेलरसाहेबांना दिला.

"बाई, इथं एकही बाईमाणूस नाही. कुटुंब कोणाचं आणि नियोजन कोणाचं?" साहेब हसले.

"रोग थांबेल, साहेब."

"आणि वर कळलं तर? आत काय चालतं ते मीच सही करून दिल्यासारखं होईल."

तिसऱ्या अर्जानंतर त्यांनी सही न करता मलमपट्ट्यांच्या कपाटात एक डबा ठेवू दिला. आठ दिवसांत निम्मा रिकामा झाला. मला अभिमान वाटला.

डॉक्टरांनी त्या सात जणांची यादीही दिली होती. सगळेच मधे रजेवर घरी जाऊन आलेले, म्हणून त्यांच्या बायकांचं रक्त तपासायला हवं. सहा घरी मी स्वतः गेले, पार लोणारपर्यंत. एक रडली, एकीने चप्पल उगारली.

सातवं नाव हिंमतराव, अमडापूर.

आपला दादाच. वैशाखात रजेवर पंधरा दिवस तुझ्याजवळ घरी होता. तुझ्यासमोर बसून हे सांगायला माझे पाय निघाले नाहीत.

आणखी एक. मार्चमध्ये त्याला तुरुंगात भेटले तेव्हा माझी निरोधची पिशवी बघून तो म्हणाला, "बेबी, त्यातले चार-पाच इथं ठेवून जाय."

"लाज नाही वाटत? बहिणीले मांगतं?"

"मंग कोणाले मांगू वं? जेलरले?"

मी उठून आले. दोन महिने भेटीला गेले नाही. तो चेष्टा करत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मी अर्ज केला. भावाने मागितलं तेव्हा नाही.

आता कामाचं. सोमवारी सकाळच्या एसटीने ये, मी स्टँडवर उभी राहीन. रक्त तपासू. रोग निघाला तर पेनिसिलीनच्या सुया घ्याव्या लागतील. लवकर घेतल्या तर पोटातलं बाळ वाचतं, असं डॉक्टर म्हणतात. उशीर झाला तर नाही, हेही तेच म्हणाले. दादाच्या सुया सुरू आहेत. पौषात सुटून आल्यावर डॉक्टर 'बरा झाला' असं म्हणेपर्यंत त्याची खाट ओसरीत घाल.

आबा विचारतील, काऊन? तर माझं नाव सांग. तुला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही सोमवारी दे, पण ये.

हाताशी असून वेळेवर न देणारी,
तुझी नणंद
बेबी